प्रकाशाच्या चिमट्यात विळ्याची पेशी

यवतमाळ : झरी जामणी वा मारेगाव तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावर सिकलसेलची तपासणी होते, तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्याजवळ फारशी साधनसामग्री लागत नाही. बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घ्यायचा, चाचणीच्या द्रावणात मिसळायचा आणि काही मिनिटांनी द्रावण स्वच्छ राहिले की गढूळ झाले, एवढेच पाहायचे. गढूळ झाले, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, असा प्राथमिक निष्कर्ष निघतो. पुढची खात्री मोठ्या प्रयोगशाळेत होते. दुसरीकडे, भौतिकशास्त्राच्या अद्ययावत प्रयोगशाळांत अशाच थेंबातील एकच तांबडी पेशी लेझरच्या किरणाने पकडली जाते, द्रवात अधांतरी धरली जाते आणि ती किती लवचिक वा किती ताठर आहे, याचे मोजमाप होते.

या दोन टोकांमधील अंतर केवळ उपकरणांच्या किमतीचे नाही. पोडावरची चाचणी 'आजार आहे की नाही' असा प्रश्न विचारते. प्रयोगशाळेतील मोजमाप 'आजार किती आहे आणि औषधाने तो आटोक्यात येतो आहे का' असा प्रश्न विचारू शकते. सिकलसेलविरोधी देशव्यापी मोहिमेत आजवर पहिल्या प्रश्नावर सारा भर राहिला. यवतमाळसारख्या जिल्ह्यात यापुढे कसोटी लागणार आहे ती दुसऱ्या प्रश्नाची.

मोहिमेचा हिशेब

राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाला. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपुष्टात आणायचा, हे मोहिमेचे घोषित उद्दिष्ट आहे. त्यासाठी १७ राज्यांतील आदिवासीबहुल भागांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी २०२५-२६ पर्यंत करण्याचे ठरले. केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार, २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली होती. त्यातून २ लाखांहून अधिक रुग्ण आणि १६ लाखांहून अधिक वाहक आढळले.

तपासणीचा हा वेग निश्चितच उल्लेखनीय आहे. मात्र या आकड्यांतील वाहक आणि रुग्ण हा भेद नीट समजून घेणे आवश्यक आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सिकलचे जनुक मिळालेली व्यक्ती वाहक असते. तिला सहसा काही त्रास होत नाही. दोघांकडूनही ते जनुक मिळाले, तर आजार होतो. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याच्या बाबतीत आजाराची शक्यता २५ टक्के, तर वाहक होण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणूनच विवाहपूर्व समुपदेशन हा मोहिमेचा आधार मानला जातो. परंतु समुपदेशनाने पुढच्या पिढीतील रुग्ण कमी होतील. आज जन्मलेल्या आणि नोंद झालेल्या रुग्णांना लागणारे उपचार त्याने कमी होणार नाहीत.

भारतात सिकल हिमोग्लोबिन प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळल्याची नोंद आहे. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील वाहकांविषयीचा अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. विदर्भातील हा आजार गोंड, कोलाम, परधान यांसारख्या आदिवासी समाजांपुरता मर्यादित नाही. अनुसूचित जाती आणि इतर मागास वर्गांतील कुटुंबांतही तो आढळतो, हे येथील डॉक्टरांना दीर्घकाळापासून ठाऊक आहे. आदिवासीबहुल भाग हा निकष धरून आखलेल्या मोहिमेला यवतमाळमध्ये ही बाब सतत ध्यानात ठेवावी लागेल.

पेशी ताठर का होते?

तांबडी पेशी साधारण सात ते आठ मायक्रोमीटर व्यासाची, मध्ये दबलेल्या चकतीसारखी असते. शरीरातील सर्वांत बारीक केशवाहिन्या तिच्यापेक्षाही अरुंद असतात. पेशी आपले अंग मुडपून, लांबट होऊन त्यांतून पार होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस हे काम करीत राहते.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीतील एक घटक बदललेला असतो. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये या आजाराला 'रेणूचा आजार' म्हटले. त्यानंतर काही वर्षांतच केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका बदल शोधून काढला. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, इतकाच तो बदल. पण त्यामुळे प्राणवायू सोडल्यानंतर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्यांसारखे ताठ धागे तयार करतात. पेशी विळ्याचा आकार घेते, कडक होते आणि केशवाहिनीत अडकते. हाडे, छाती, पोट यांत उठणाऱ्या असह्य कळा, प्लीहेची हानी, वारंवार होणारा जंतुसंसर्ग हे सारे त्यातून उद्भवते. अशा पेशीचे आयुष्य अवघे १० ते २० दिवसांचे असल्याने रक्तक्षय कायमचा होतो.

धागे तयार होण्यास काही काळ जावा लागतो, हे विल्यम ईटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. हा विलंब पुरेसा असेल, तर पेशी केशवाहिनीतून सुखरूप बाहेर पडते आणि फुप्फुसात पुन्हा प्राणवायू घेते. पेशीतील पाणी कमी झाले आणि हिमोग्लोबिन दाट झाले, की हा विलंब झपाट्याने घटतो. यवतमाळच्या कडक उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या रुग्णाला पाणी वेळेवर न मिळणे किती महागात पडू शकते, याचे उत्तर या संशोधनात आहे. आजाराची तीव्रता जनुकाइतकीच परिस्थितीवरही अवलंबून असते. तपासणीच्या ओळखपत्रावर मात्र ती कुठेच लिहिलेली नसते.

प्रकाशाची पकड

पेशीचा ताठरपणा मोजायचा, तर तिला इजा न करता धरता आले पाहिजे. ही पकड आर्थर अॅश्किन यांनी मिळवून दिली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांनी १९७० मध्ये लेझरच्या दाबाने पाण्यातील सूक्ष्म गोळे ढकलता आणि दोन समोरासमोरच्या किरणांत अडकवता येतात, हे सिद्ध केले. १९८६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच, भिंगाने अतिशय बारीक केंद्रित केलेल्या किरणाने कण पकडला. हाच प्रकाशचिमटा.

प्रकाशाला वजन नसले, तरी संवेग असतो. पारदर्शक कणातून जाताना किरण वाकतो, म्हणजे त्याच्या संवेगाची दिशा बदलते. त्या बदलाची परतफेड म्हणून कणावर उलट दिशेने बल येते. किरण मध्यभागी सर्वाधिक तेजस्वी असेल, तर या बलाची बेरीज कणाला तेजाच्या केंद्राकडे ओढून नेते. कण जरा बाजूला सरकला, की प्रकाश त्याला पुन्हा जागेवर आणतो. हे बल पिकोन्यूटनमध्ये मोजले जाते. एका तांबड्या पेशीचे वजन साधारण एक पिकोन्यूटन भरेल, यावरून त्याच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. रोजच्या व्यवहारात हे बल नगण्य आहे, परंतु पेशीच्या जगात ते पुरेसे आहे.

सुरुवातीला वापरलेल्या हिरव्या लेझरने जिवाणू मरत. १९८७ मध्ये अॅश्किन यांनी अवरक्त लेझर वापरला आणि जिवाणू व यीस्ट जिवंत राहिले. त्याच प्रयोगमालिकेत मानवी तांबड्या पेशीही पकडल्या गेल्या. दृश्य प्रकाश हिमोग्लोबिन मोठ्या प्रमाणात शोषून घेते आणि पेशी तापते. अवरक्त प्रकाशात हा धोका बराच कमी होतो. अॅश्किन यांना २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

औषधाचा परिणाम पेशीत दिसला

सिकलसेलच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रयोग ब्राझीलमध्ये झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सिकलसेलचे १५ रुग्ण, १० वाहक आणि ३५ निरोगी व्यक्ती यांच्या रक्तपेशी प्रकाशचिमट्यात धरून द्रवातून ओढण्यात आल्या. प्रवाहाच्या दाबाने पेशी किती लांबते, त्यावरून तिची लवचिकता ठरविण्यात आली. रुग्णांच्या आणि वाहकांच्या पेशी निरोगी पेशींहून कमी लवचिक निघाल्या. मात्र १५ पैकी ५ रुग्ण किमान सहा महिने हायड्रॉक्सियुरिया घेत होते. त्यांच्या पेशींची लवचिकता निरोगी व्यक्तींच्या जवळपास होती.

पाच रुग्णांवरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही. वाहकांना या निष्कर्षामुळे आजारी समजणेही चुकीचे ठरेल. तरीही एक गोष्ट स्पष्ट झाली. औषधाचा परिणाम केवळ रुग्णाच्या कळा कमी होण्यातच नव्हे, तर एकेका पेशीच्या वागणुकीतही मोजता येतो. हायड्रॉक्सियुरियामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते आणि ते धागे तयार होण्यास अटकाव करते. अमेरिकेत प्रौढ सिकलसेल रुग्णांसाठी या औषधाला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या मुलांना शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत हे औषध देऊन त्याची उपयुक्तता पडताळली. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय रुग्णांतील सिकलसेल सौम्य असतो, या जुन्या समजुतीला विदर्भातील अनुभवाने छेद दिला आहे. त्यामुळे येथील उपचारांचे प्रमाण येथील रुग्णांवरच ठरले पाहिजे.

मुंबई आणि इंदूरचा धडा

प्रकाशचिमट्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांनी पेशीच्या आत मालाची ने-आण करणाऱ्या प्रथिनांची ताकद याच तंत्राने मोजली. एकेकटे दुबळे असलेले 'डायनिन' हे प्रथिन समूहाने मोठे ओझे कसे ओढते, हे त्यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखविले. मलिक यांना २०१४ मध्ये भटनागर, तर २०१८ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पुढे ते आयआयटी मुंबईत गेले.

रक्तपेशींवरील काम त्याआधीचे आहे. टाटा संस्थेतील दीपक माथूर, जयश्री धर्माधिकारी, शोभना शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हिवतापाच्या परजीवीने ग्रासलेल्या पेशी प्रकाशचिमट्यात धरल्या. निरोगी आणि बाधित अशा दोन्ही पेशी दुमडून काडीसारख्या झाल्या, पण बाधित पेशी गरगर फिरू लागल्या. त्याच वर्षी इंदूरच्या अणुऊर्जा विभागाच्या लेझर केंद्रातील पी. के. गुप्ता यांच्या गटाने क्षारांचे प्रमाण जास्त असलेल्या द्रवात प्रयोग केला. तेथे निरोगी पेशी आपोआप फिरल्या आणि हिवतापाच्या नमुन्यांतील पेशींचा वेग बराच कमी आढळला. हिवतापाचे जलद निदान यातून होऊ शकेल, अशी आशा तेव्हा व्यक्त झाली होती.

द्रव आणि प्रकाशाची रचना बदलली, की पेशीची वागणूक बदलते, हे या दोन प्रयोगांवरून दिसते. वीस वर्षांनंतरही हिवतापाचे नेहमीचे निदान काचपट्टीवरील रक्तनमुना आणि जलद चाचणी संच यांनीच होते. प्रयोगशाळेतील देखणा निष्कर्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील चाचणी यांत मोठी दरी आहे. सिकलसेलविषयी बोलताना तिचे भान राखणे योग्य. सिकलचे जनुक आणि हिवताप यांचेही नाते आहे. वाहकांना तीव्र हिवतापापासून काही संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले. जंगलपट्ट्यातील समाजांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या का टिकून राहिले, त्याचे हेच स्पष्टीकरण मानले जाते.

चाचणीसाठी नव्हे, उपचारांसाठी

प्रकाशचिमटा पोडावरच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये ४० ते ५० लाख तांबड्या पेशी असतात आणि चिमटा त्या एकेक करून धरतो. लाखो लोकांच्या तपासणीसाठी द्रावणाची चाचणी आणि खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी हाच व्यवहार्य मार्ग आहे. आदिवासी भागासाठी लेझरचे यंत्र आणण्याची कोणी घोषणा केली, तर तिच्याकडे सावधपणेच पाहावे लागेल.

या तंत्राचा उपयोग तपासणीनंतर सुरू होतो. कोणत्या रुग्णाच्या पेशी अधिक ताठर आहेत, अल्प मात्रेतील औषध त्याला पुरते का, विदर्भातील रुग्ण आणि आफ्रिकी वंशाचे रुग्ण यांच्या पेशींत नेमका काय फरक आहे, या प्रश्नांची उत्तरे सरासरीत दडून जातात. एकाच रुग्णाच्या रक्तात लवचिक आणि ताठर पेशी एकत्र नांदतात. त्यांचे प्रमाण कसे बदलते, हे पेशीगणिक मोजल्यावरच कळते. जनुकोपचारांच्या नव्या युगात ही गरज वाढणार आहे. ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ मध्ये सिकलसेलवरील पहिल्या जनुक-संपादन उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत प्रतिरुग्ण २२ लाख डॉलर आहे. यवतमाळच्या शेतमजुराच्या दृष्टीने हा आकडा निरर्थक आहे. त्याच्यासाठी आज उपलब्ध असलेला उपचार म्हणजे रोज घ्यायची हायड्रॉक्सियुरियाची गोळी, आणि ती नियमित मिळते का, हा खरा प्रश्न.

दुसरी अडचण अंतराची. साठवलेल्या रक्तातील पेशी काळानुसार बदलतात, त्यांची लवचिकता घटते. पांढरकवड्याहून निघालेला नमुना मुंबईला पोहोचेपर्यंत जे मोजायचे तेच बदललेले असण्याचा धोका आहे. म्हणजे असे संशोधन करायचे असेल, तर यंत्र रुग्णाजवळ यावे लागेल. हे अगदीच अशक्य कोटीतील नाही. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वणीपासून फार लांब नसलेल्या चंद्रपूर येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठीचे केंद्र आहे. चांगला सूक्ष्मदर्शक, अवरक्त लेझर आणि कॅमेरा यांतून प्रकाशचिमटा उभारणारे भौतिकशास्त्रज्ञ राज्यात आहेत. रुग्ण विदर्भात, वैद्यकीय अनुभव नागपुरात आणि लेझरची विद्या मुंबईत, अशी ही विभागणी आहे. ती जोडण्यासाठी नव्या संस्थेपेक्षा संयुक्त प्रकल्पाची आणि त्यासाठीच्या निधीची गरज अधिक आहे.

यवतमाळचा प्रश्न

अशा संशोधनाला एक नैतिक अटही लागू होते. आदिवासी वस्त्यांतून रक्ताचे नमुने गेली अनेक दशके गोळा होत आले आहेत. नमुना देणाऱ्याला त्याच्या भाषेत माहिती मिळावी, त्याची संमती असावी आणि निष्कर्ष त्याच्यापर्यंत परत यावा, हा त्याचा हक्क आहे. रक्त घेऊन गेले आणि पुढे काही कळले नाही, असा अनुभव कुटुंबांना येत राहिला, तर पुढच्या तपासणीला बोट पुढे करण्यास कोणी तयार होणार नाही. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या कुटुंबाला मराठीतील छापील पत्रक देऊन समुपदेशन झाले, असे मानता येत नाही.

मोहिमेचे यश आतापर्यंत किती लोकांची तपासणी झाली आणि किती ओळखपत्रे वाटली, यावर मोजले गेले. यापुढे वेगळे निकष लागतील. नोंद झालेल्या रुग्णांपैकी किती जणांना वर्षभर औषध मिळाले, किती जणांना रक्त चढवावे लागले, कितींना रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि किती मुले शाळेत टिकली, ही माहिती तालुकानिहाय जाहीर व्हायला हवी. तालुक्याच्या रुग्णालयात औषध संपले, तर रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते आणि त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. गोळ्यांमध्ये असा खंड पडला, की पेशी पुन्हा ताठर होऊ लागतात.

एका पेशीवरील पिकोन्यूटनचे बल मोजण्याइतके विज्ञान पुढे गेले आहे. त्या विज्ञानाने दाखविले, ते इतकेच की नियमित औषध घेणाऱ्या रुग्णाची पेशी पुन्हा वाकू शकते. हे दाखविण्यासाठी लेझर लागला. प्रत्यक्षात आणण्यासाठी मात्र पोडापासून जवळच्या आरोग्य केंद्रात, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, गोळ्यांची पाकिटे शिल्लक असावी लागतील. २०४७ हे वर्ष अद्याप दूर आहे. पुढच्या महिन्याच्या गोळ्यांची तजवीज मात्र आजच करावी लागते.